दूध आधी, दाखला नंतर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याला तृतीयपंथी माणूस नवा नाही. सौंदत्तीच्या डोंगराला निघालेले जोगते, त्यांच्या डोक्यावरचा यल्लम्मा देवीचा जग, चौंडक्याचा ठेका हे सगळं इथल्या गल्ल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. हुपरीच्या नगरपरिषदेत तृतीयपंथी स्वीकृत नगरसेवकही झाला. पोर व्हावं म्हणून बायका जोगत्याच्या पाया पडतात. त्या जोगत्यालाच पोर हवं असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, तिथून हा प्रश्न कागदावर आला. मुंबईच्या गौरी सावंत दत्तकाच्या हक्कासाठी न्यायालयात गेल्या होत्या. वाऱ्यावर पडलेली एक मुलगी त्यांनी आधीच सांभाळली होती, आणि 2017 मध्ये विक्सच्या जाहिरातीतून ही आई घराघरांत पोहोचली. पण हे झालं वाढवण्याचं आईपण. पोटातल्या पोराचं काय?

अमेरिकेत थॉमस बीटी या ट्रान्स पुरुषाने (जन्मावेळी नोंद मुलगी, ओळख पुरुषाची) 2008 सालीच मुलीला जन्म दिला होता. आपल्याकडे ती बातमी ‘ऐकावं ते नवल’ म्हणून वाचून सोडून दिली. कोझिकोडच्या झहादने 8 फेब्रुवारी 2023 ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बाळाला जन्म दिला, तेव्हा ते नवल आपल्या देशात आलं. झहाद ट्रान्स पुरुष, जोडीदार झिया पावल ट्रान्स स्त्री. झहादची छाती काढण्याची शस्त्रक्रिया झालेली, गर्भाशय मात्र शाबूत. बाळासाठी पुढचे उपचार थांबवलेले. मग बाळाने प्यायचं काय? रुग्णालयाच्या दूधपेढीतलं दूध. ही सोय महाराष्ट्राला परकी नाही: आशियातली पहिली मानवी दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातच उभी केली.

दुधाची गोष्ट इथेच संपत नाही. छाती काढली तरी थोड्या दूधग्रंथी मागे राहू शकतात. बाळंतपणानंतर तिथे गाठी येऊ शकतात, ठणका लागू शकतो, आणि याची आगाऊ कल्पना अनेकदा कुणी दिलेली नसते. कॅनडाचे ट्रान्स पुरुष ट्रेव्हर मॅकडोनाल्ड यांनी छातीशी बारीक नळी लावून दान आलेलं दूध पाजलं आणि पुढे 2016 मध्ये अशा 22 जणांचे अनुभव अभ्यासातून मांडले. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका ट्रान्स स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली: औषधं आणि पंपाच्या मदतीने तिला दूध आलं आणि पहिले सहा आठवडे बाळ केवळ त्यावर वाढलं.

कोझिकोडच्या बाळाला दूध मिळालं, अडला तो कागद. जन्मदाखल्यावर झहाद ‘आई’ आणि झिया ‘वडील’ लागले. दोघांनी ‘पालक’ एवढंच लिहा म्हणून दाद मागितली. केरळ उच्च न्यायालयाने ते मान्य केलं जून 2025 मध्ये. तोवर पोरगी दोन वर्षांची होऊन गेली होती. दूध देताना कुणी लिंग विचारलं नाही, कारकुनाच्या रकान्याला मात्र ते लागलंच!

आपल्याकडचं जवळचं उदाहरण बीडचे पोलीस ललित साळवे. 2018 पासून मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया झाल्या, 2020 मध्ये लग्न झालं, जानेवारी 2024 मध्ये ते बाप झाले. अख्ख्या महाराष्ट्राने पेढे वाटावेत तशी ती बातमी छापून आली. पण ज्यांना स्वतः मूल होऊ शकत नाही आणि सरोगसीचा मार्ग हवा आहे, त्यांच्यासाठीच्या 2021 च्या सरोगसी कायद्यात विवाहित जोडपं आणि विधवा किंवा घटस्फोटित स्त्री यांनाच वाट आहे. तृतीयपंथीयांचं नाव तिथे नाही.

उद्या इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये दाढी असलेला गरोदर माणूस केस पेपर काढायला उभा राहिला, तर खिडकीवर हशा पिकू नये. आशाताईंच्या प्रशिक्षणात या विषयावर एक तास ठेवा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ‘पालक’ असा एक रकाना वाढवा. त्यासाठी उच्च न्यायालयाची वाट बघायचं कारण नाही.