बंद मोटार छपरांत हलविण्याची रीत

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या छपरांत एखादी जुनी जीप दुरुस्तीच्या आशेनें वर्षानुवर्षें उभी असते. सुगीच्या दिवसांत धान्याचीं पोतीं ठेवावयास जागा अपुरी पडूं लागली म्हणजे तिला बाजूस सारल्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं चार गडी बोलावून ढकलाढकली करण्याची जी चाल आहे, तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. गाडी हलत नाहीं ही अडचण खरी. परंतु हालूं लागलेली गाडी थांबत नाहीं, हा धोका त्याहून मोठा आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहूं. १९४१ ते १९४५ या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत बनलेल्या विलिस जीपचें वजन सुमारें १,१०० किलो आहे. टायरांत हवा पुरेशी असून फरशी सपाट असेल, तर तिला चालती ठेवण्यास वीस किलोंच्या आंतबाहेर जोर पुरतो. आतां गोठ्याची फरशी पाणी व मूत्र वाहून जावें म्हणून मुद्दाम उतरती केलेली असते. हा उतार ४० फुटांत १ फूट इतका अल्प असला, तरी तो एकटाच गाडीस २७ किलोंचा जोर लावतो. म्हणजे डोळ्यांस सपाट दिसणाऱ्या जमिनीवरही ती आपण होऊन चालूं लागेल.

हातब्रेकवर विसंबूं नये. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागील शाफ्टाच्या मुखाशीं असलेल्या ड्रमवर असतो. शाफ्ट दुरुस्तीसाठीं काढला कीं तो मागील चाकें धरीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर शाफ्ट जागेवर असून मागील एक चाक जॅकनें उचललें, तरी उचललेलें चाक उलट फिरून टेकलेल्या चाकास मोकळें करतें. सबब जॅकला हात लावण्यापूर्वीं जमिनीवरील चाकांस पुढून व मागून लाकडी पाचरी ठोकाव्या.

मग गाडी कां अडली आहे तें शोधावें. सर्व गिअर मोकळे करावे व टायरांत हवा भरावी. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. ब्रेक गंजून चिकटले असल्यास तें चाक उचलून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोड्यानें हलके ठोके द्यावे. तरीही चाक फिरत नसेल, तर त्याखालीं चार लहान चाकांची लोखंडी ट्रॉली सारावी. प्रत्येक चाकावर सरासरी २७५ किलो भार येतो खरा. परंतु जमीन उंचसखल असल्यानें तो सारखा वांटला जात नाहीं. यास्तव जवळजवळ दुप्पट भार पेलणारी ट्रॉली घ्यावी. ट्रॉलीवर चढविलेली गाडी आडवीही सरकते, हा जसा लाभ, तसाच धोकाही आहे. लहान चाकास एक खडाही अडवितो, म्हणून जमीन आधीं झाडून घ्यावी. मातीची असल्यास फळ्या अंथराव्या.

उताराकडे न्यावयाचें असेल तर गाडीच्या सांगाड्यास मजबूत दोर बांधून त्याचे दोन वेढे वरच्या बाजूच्या भक्कम झाडास द्यावे, व एकानें दोर हळूहळू सैल सोडावा. छपराच्या खांबास दोर कदापि बांधूं नये. दुसऱ्यानें पाचर घेऊन चाकाच्या बाजूनें चालावें. गाडीच्या उताराकडील अंगास, किंवा गाडी व भिंत यांच्यामध्यें, कोणीही उभें राहूं नये. हुकूम एकानेंच द्यावा.

जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. आंत शिरणें भागच असल्यास लोखंडी घोड्या किंवा अखंड लाकडाचे रुंद ठोकळे द्यावे. विटा भाराखालीं अकस्मात् फुटतात.

या साऱ्या तजविजीस फार तर अर्धा दिवस लागतो. गाडी आधीं अडवावी, मग हलवावी, हा क्रम आमच्या बंधूंनीं मोडूं नये, एवढीच विनंती.