मेकाँगच्या काठाने : दक्षिण लाओसच्या प्रवासाची आखणी

दूरच्या प्रदेशात जायचे ठरले की, आपण प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. यादी लांबत जाते, दिवस मात्र तेवढेच राहतात. मग एका गावाहून दुसऱ्या गावी धावण्यातच प्रवास संपतो. हे टाळायचे असेल, तर त्या प्रदेशाची रचना आधी समजून घ्यावी लागते. तेथील नदी कोठून वाहते, रस्ता कोठून जातो, माणसे कोठे वसली आणि का वसली, हे कळले की कोठे थांबावे हे ठरविणे सोपे होते. दक्षिण लाओसमधील खुष्कीच्या प्रवासाचे उदाहरण घेऊन ही आखणी कशी करावी, ते आपण पाहू.

प्रदेशाची ओळख

आग्नेय आशियातील देशांपैकी समुद्रकिनारा नसलेला लाओस हा एकमेव देश आहे. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम हे त्याचे शेजारी. १८९३ पासून १९५३ पर्यंत येथे फ्रेंचांची सत्ता होती. सध्याचे प्रजासत्ताक १९७५ साली स्थापन झाले. देशाच्या दक्षिण भागाचा नकाशा पाहिला, तर दोन गोष्टी चटकन ध्यानात येतात. पूर्वेस व्हिएतनामच्या सीमेवर डोंगररांगा आहेत आणि पश्चिमेस मेकाँग नदी आहे. बरेच अंतर ही नदीच थायलंडची सीमा बनली आहे. मोठी गावे नदीकाठी वसलेली आहेत आणि राजधानी व्हिएन्तियानपासून कंबोडियाच्या सीमेपर्यंत जाणारा १३ क्रमांकाचा महामार्गही बहुतांशी नदीच्या सोबतीने जातो. म्हणून या प्रवासाचा कणा आयताच मिळतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे, नदीच्या प्रवाहाबरोबर जावे.

डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपासून व्हिएन्तियानपर्यंत रेल्वे सुरू झाली. परंतु ती दक्षिणेकडे जात नाही. येथे बसनेच प्रवास करावा लागतो. आडगावी जाण्यासाठी 'सोंगथेव' नावाचे, मागे समोरासमोर दोन लांब बाके असलेले वाहन मिळते. ते प्रवासी, तांदळाची पोती आणि कोंबड्या यांना सारख्याच आपुलकीने सामावून घेते. वेळापत्रकाचा आग्रह मात्र धरता येत नाही.

ऋतूची निवड

आपल्याप्रमाणेच तेथेही मोसमी पाऊस पडतो. साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, तर मार्च-एप्रिलमध्ये कडक उन्हाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा आणि सुखद असतो. त्यातही नोव्हेंबर महिना विशेष सोयीचा. कारण पाऊस ओसरलेला असतो, पण धबधबे भरलेले असतात.

थाखेक आणि सावन्नाखेत

व्हिएन्तियानहून दक्षिणेकडे निघाल्यावर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर थाखेक लागते. त्याच्या आसपास चुनखडीचे उभे, काळपट डोंगर आहेत. थाखेकच्या उत्तरेस कोंग लोर येथे हिनबून नदी एका डोंगराच्या पोटातून सुमारे सात किलोमीटर वाहते. नावेत बसून आणि विजेरीच्या प्रकाशात हे अंतर पार करता येते. याच प्रांतातील 'हिन नाम नो' राष्ट्रीय उद्यानाचा समावेश २०२५ साली जागतिक वारसा यादीत झाला. शेजारच्या व्हिएतनाममधील उद्यानाला ते जोडून आहे. या भागासाठी तीन दिवस राखून ठेवावेत.

पुढे सावन्नाखेत येते. फ्रेंच काळातील, रंग उडालेल्या इमारतींचे हे संथ शहर एका दिवसात पाहून होते. येथून पूर्वेकडे व्हिएतनामला जाणारा रस्ता मात्र एका क्रूर इतिहासातून जातो.

पायवाट का सोडू नये

व्हिएतनाम युद्धाच्या काळात उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि रसद दक्षिणेकडे नेणारा 'हो चि मिन्ह मार्ग' लाओसच्या या पूर्व भागातून जात असे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत मुठीएवढ्या लहान बॉम्बची संख्या सुमारे २७ कोटी होती आणि त्यांतील कोट्यवधी फुटलेच नाहीत. तेथील लोक त्यांना 'बोम्बी' म्हणतात. शेत नांगरताना, चूल पेटविताना किंवा मुले खेळत असताना आजही त्यांचा स्फोट होतो. म्हणून रुळलेली पायवाट सोडू नये, जमिनीवर पडलेली धातूची कोणतीही वस्तू उचलू नये आणि स्थानिक वाटाड्याचे सांगणे मानावे. येथे हा नियम शिष्टाचाराचा नाही, जिवाचा आहे.

पाक्से आणि बोलावेनचे पठार

सेदोन नदी मेकाँगला मिळते तेथे पाक्से हे दक्षिणेतील मुख्य शहर आहे. थायलंडमधील उबोन राचाथानी येथून येणाराही याच शहरात पोहोचतो. पुढील तिन्ही स्थळांना जाण्यासाठी पाक्सेत तळ ठोकणे सोयीचे आहे.

पाक्सेच्या पूर्वेस बोलावेनचे पठार आहे. दख्खनप्रमाणेच ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेले हे पठार हजार मीटरहून अधिक उंच असून त्याची माती कसदार आहे. फ्रेंचांनी येथे कॉफीची लागवड सुरू केली. आज लाओसची बहुतेक कॉफी याच पठारावर पिकते. हिवाळ्याच्या आरंभी गेल्यास अंगणाअंगणांत कॉफीची फळे वाळत घातलेली दिसतात. पठाराच्या कडांवरून अनेक धबधबे कोसळतात. 'ताद फान' येथे दोन धारा शेजारीशेजारी खोल दरीत झेपावतात. 'ताद लो' येथे नदीकाठच्या खेड्यात मुक्काम करता येतो. यासाठी दोन दिवस पुरेसे होतात.

उंचावरून पडणारे हे पाणी म्हणजे वीज. ती शेजारील देशांना विकून लाओस मोठे उत्पन्न मिळवतो. परंतु २३ जुलै २०१८ रोजी याच परिसरातील एका जलविद्युत प्रकल्पाचा पूरक बांध फुटला. अत्तपू प्रांतातील गावे पाण्याखाली गेली, अनेकांचे प्राण गेले आणि हजारो लोक बेघर झाले. धबधब्यापुढे छायाचित्र काढताना ही दुसरी बाजूही ध्यानात असावी.

वाट फू : लिंगपर्वताच्या पायथ्याशी

पाक्सेच्या दक्षिणेस, नदीच्या पश्चिम तीरावर चंपासाक हे लहानसे गाव आहे. त्याच्याजवळचे 'वाट फू' हे मंदिर भारतीय प्रवाशाने अवश्य पाहावे. त्याच्यामागील डोंगराच्या माथ्यावर शिवलिंगासारखा दिसणारा नैसर्गिक सुळका आहे. त्यामुळे प्राचीन काळी हा डोंगर 'लिंगपर्वत' म्हणून पूज्य ठरला. जवळच सापडलेल्या पाचव्या शतकातील संस्कृत शिलालेखात देवानीक नावाच्या राजाने येथे 'कुरुक्षेत्र' नावाचे तीर्थ स्थापन केल्याचा उल्लेख आहे.

आज दिसणारे बांधकाम मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकातील आहे. खाली जलाशय, मग दगडी खांबांच्या दोन रांगांमधून जाणारा मार्ग, त्यानंतर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि सर्वांत वर गर्भगृह, अशी त्याची रचना आहे. गर्भगृहामागील कड्यातून झरा पाझरतो. पूर्वी त्याचे पाणी पन्हळीने आत आणून लिंगावर अखंड अभिषेक होत असे. पुढे हे स्थान बौद्धांचे झाले. आता गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत, तर मागच्या खडकावर ब्रह्मा, विष्णू आणि शिव कोरलेले आहेत. २००१ साली हा परिसर जागतिक वारसा ठरला. त्याच्या जतनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही भाग घेतला आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस चाफ्याची जुनी झाडे आहेत. देवळाच्या आवारातला आपला पांढरा चाफा तो हाच. तेथे त्याला 'डोक चंपा' म्हणतात आणि ते लाओसचे राष्ट्रीय फूल आहे. मंदिर पूर्वाभिमुख असल्याने सकाळी लवकर जावे.

चार हजार बेटे

कंबोडियाच्या सीमेजवळ मेकाँगचे पात्र कित्येक किलोमीटर रुंद होते आणि असंख्य बेटांत विभागते. या भागाचे नाव 'सी फान डॉन', म्हणजे चार हजार बेटे. यांतील कित्येक बेटे पाणी ओसरल्यावरच दिसतात. डॉन देत आणि डॉन खोन या बेटांवर मुक्कामाची सोय आहे. सायकलने दोन्ही बेटे पाहता येतात.

येथेच खोन फाफेंगचा प्रचंड धबधबा आहे. मेकाँगमधून जहाजाने चीनपर्यंत जाता येईल, हे फ्रेंचांचे स्वप्न या धबधब्याने मोडले. त्यावर तोड म्हणून त्यांनी डॉन खोन बेटावर रूळ टाकले आणि नावा गाडीवर चढवून धबधब्याच्या पलीकडे नेल्या. पुढे डॉन देतपर्यंत पूल बांधून हा मार्ग वाढविला गेला. तो पूल आजही वापरात आहे. गंजलेले इंजिन मात्र नुसतेच उभे आहे.

जुन्या प्रवासपुस्तकांत याच बेटावरून इरावदी डॉल्फिन पाहायला जाण्याची शिफारस आढळते. ती आता यादीतून काढावी लागते. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून त्यांची संख्या घटत गेली आणि २०२२ साली येथील शेवटचा डॉल्फिन मरण पावला. लाओसमध्ये आता एकही उरलेला नाही. कोणतीही जुनी यादी ताज्या माहितीशी पडताळून का घ्यावी, हे यावरून कळते.

दिवसांचा हिशेब

थाखेक परिसर तीन दिवस, सावन्नाखेत एक, पाक्से एक, बोलावेन दोन, चंपासाक दोन आणि बेटे तीन, असे एकूण बारा दिवस होतात. बस चुकणे, पाऊस येणे किंवा एखादे गाव आवडून जाणे, यांसाठी आणखी एक दिवस मोकळा ठेवावा. निघण्यापूर्वी व्हिसाचे आणि सीमानाक्यांचे चालू नियम दूतावासाकडून जाणून घ्यावेत. खेड्यांत रोख 'किप' चलन जवळ असावे. विहारात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, खांदे व गुडघे झाकलेले असावेत. लाओ माणूस दोन्ही हात जोडून 'सबाइदी' म्हणतो. त्याला आपण तसेच उत्तर द्यावे.

बेटांवरून पुढे कंबोडियात उतरता येते. तेथे क्रातिए शहराजवळच्या डोहांत मेकाँगमधील सुमारे शंभर डॉल्फिन अजून जगत आहेत.