फळाला थोडी आच द्या

सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याला जो वास येतो, तो एरवीच्या शिऱ्याला येत नाही. रवा तोच, तूप तेच, साखरही तीच. फरक असतो तो केळ्याचा. तुपात खमंग भाजलेल्या रव्यात पिकल्या केळ्याचे काप पडले की जो घमघमाट सुटतो, तो शेजारच्या घरापर्यंत जातो. फळाला आच लागली की त्याचं काय होतं, हे मराठी घराला नव्यानं सांगायला नको. तरीही जेवण झाल्यावर गोड खावंसं वाटलं की आपण मिठाईचा खोका उघडतो नाहीतर आइस्क्रीम मागवतो. शिजवलेलं फळ मात्र बाळासाठी किंवा तापातून उठलेल्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं.

हा फळावर अन्याय आहे, आणि त्याला बरंचसं कारण पाणी आहे. बाळासाठी सफरचंद उकडताना फोडी भरपूर पाण्यात सोडल्या जातात. गोडी, आंबटपणा, वास असं सगळं त्या पाण्यात उतरतं आणि पाणी मोरीत जातं. मागे उरतो तो मऊ, फिकट लगदा. असं सफरचंद एकदा खाल्लेला माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही, यात त्याची चूक नाही. खरं तर सफरचंद, नाशपाती, पेरू या फळांत शंभरातले ऐंशी किंवा त्याहूनही जास्त भाग पाणीच असतं. त्यांना शिजायला बाहेरचं पाणी जवळजवळ लागतच नाही. जाड बुडाचं भांडं, चमचाभर तूप, घट्ट झाकण आणि मंद आच एवढ्यावर फळ आपल्याच रसात शिजतं. असं शिजलेलं फळ साखरेचा कणही न घालता जेवणानंतरचं गोड म्हणून पानात वाढता येतं.

साखर न घालता गोडी येते कुठून? फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. उष्णतेनं ते विरघळू लागतं, पेशींच्या भिंती सैल पडतात आणि आत कोंडलेला रस बाहेर येतो. झाकण काढल्यावर त्या रसातलं पाणी उडून जातं, साखर आणि आम्ल मागे राहतात. मुळात होती तीच साखर, पण आता कमी पाण्यात. शिवाय ऊन पदार्थातून वास जास्त सुटतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग नाकानंच घेतलेला असतो. जिभेलाही गारव्यात गोडी कमी कळते. आइस्क्रीम वितळून पातळ झालं की नको तितकं गोड लागतं, ते यामुळेच. फ्रिजमधून काढलेली सफरचंदाची फोड आणि कढईतून उतरवलेली फोड एकामागून एक खाऊन पाहिली, तर हे लगेच पटतं.

खरपूसपणाचं गणित थोडं निराळं आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. त्यात फळ शिजतं, पण तांबूस होत नाही. फोडीची तुपाला टेकलेली बाजू कोरडी पडली की तिथलं तापमान चढतं, साखर तांबूस होऊ लागते आणि तो भाजका, किंचित कडसर गोडवा येतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी झाकण ठेवून वाफ, मग झाकण काढून रस आटवणं, आणि शेवटी फोडी न हलवता मिनिट-दोन मिनिटं तशाच टेकू देणं. सारखं ढवळत राहणाऱ्याच्या हाती शेवटी लगदाच लागतो.

या कामासाठी जन्माला आलेलं फळ म्हणजे राजेळी केळं. वसईपासून खाली गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीला ते नवं नाही. लांब, जाड सालीचं आणि कडा असलेलं हे केळं वसईत सोलून उन्हात वाळवतात, आणि त्याची सुकेळी होते. केरळातलं नेंद्रन याच कुळातलं. तिकडे पिकलेलं नेंद्रन नुसतं वाफवून सकाळी पुट्टूबरोबर खातात, आणि ते आजाऱ्याचं खाणं आहे असं कुणी म्हणत नाही.

राजेळी शिजवायचं का, याला कारण आहे. कच्च्या केळ्यात शंभरातले वीसएक भाग पिष्ट असतं. पिकताना त्याची साखर होत जाते. आपलं रोजचं केळं, म्हणजे जळगावकडून येणारं लांबट पिवळं, पूर्ण पिकेपर्यंत त्यातलं पिष्ट जवळपास संपलेलं असतं. म्हणून ते तसंच खायला छान लागतं, पण कढईत पडलं की विरघळायला लागतं. राजेळी पिकलं तरी त्यात पिष्ट बऱ्यापैकी शिल्लक राहतं. नुसतं खाल्लं तर ते थोडं पिठूळ लागतं. वाफेवर मात्र हेच पिष्ट पाणी शोषून फुगतं, गर लुसलुशीत होतो आणि तरी फोड मोडत नाही.

कोकणातली भरली केळी यावरच उभी आहेत. त्यांत एरवी साखर किंवा गूळ पडतो. तो गाळून कशी करायची ते सांगतो. तीन राजेळी केळी घ्यावीत, सालीवर भरपूर काळे डाग आलेली. पिवळीधमक नकोत, त्यांत गोडी पुरती उतरलेली नसते. सोलून प्रत्येकाचे तीन तुकडे करावेत आणि भरल्या वांग्याला देतो तशी उभी चीर द्यावी, आरपार नाही. अर्धी वाटी ओलं खोबरं, चमचाभर बेदाणे, काजूचे बारीक तुकडे, वेलचीची पूड आणि चवीला मिठाचे चार कण एकत्र करून चिरेत दाबून भरावं. पसरट भांड्यात दोन चमचे तूप तापवून तुकडे चिरेची बाजू वर ठेवून मांडावेत. उरलेलं सारण सभोवती पसरावं. वर ताटली झाकून त्या ताटलीत पाणी ओतावं. या पाण्यामुळे झाकण निवतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत खाली पडते आणि केळं बुडाला लागत नाही. मंद आचेवर सात-आठ मिनिटांत गराचा रंग बदलतो. मळकट पांढऱ्याचा गडद पिवळा होतो, कडेनं थोडासा पारदर्शक. तो रंग दिसला की झाकण काढावं, आच किंचित वाढवावी आणि खालची बाजू तांबूस होऊ द्यावी. ऊन ऊन वाढावं. चार माणसांना पुरतं.

साखर घालायचा मोह झाला तर आधी एक तुकडा चाखून बघा. बेदाणा आणि काळं पडलेलं राजेळी यांच्यापुढे साखरेला काही कामच उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

राजेळी मिळालं नाही तर छोटी वेलची केळी चालतात, मात्र त्यांना तीन-चार मिनिटंच पुरतात. सफरचंद सालासकट घ्यावं. साल फोडीला धरून ठेवते आणि तंतूही तिच्यात जास्त असतात. दोन सफरचंदांच्या जाडसर फोडी, एक चमचा तूप, दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि भांडं कोरडं पडू नये इतकाच पाण्याचा हबका. नाशपातीला हेच सगळं, फक्त ती जरा कडक असतानाच घ्यावी. पुरंदरकडची ताजी अंजिरं उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतात. ती अर्धी कापून, कापलेली बाजू तुपावर ठेवून दोन मिनिटं परतली की झालं. पेरूच्या बिया शिजल्यावर दाताखाली फार येतात, म्हणून मधला गर काढून कडेच्या जाड फोडीच वापराव्यात.

अननसाची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. कच्चा अननस दुधात किंवा दह्यात घालून ठेवला की थोड्या वेळानं ते कडवट होतं, ते या विकरामुळे. शिजवलं की विकर निकामी होतं, आणि मग अननस साईबरोबर किंवा चक्क्याबरोबर निर्धास्त वाढता येतो. कलिंगड, टरबूज, द्राक्षं यांना मात्र कढई दाखवू नये, हाती पाणीच येतं. संत्र्याचा रसही तापला की कडू होतो.

भांडं लोखंडाचं नको. फळांतली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळी पडतात, विशेषतः केळं आणि पेरू. जाड बुडाचं स्टील किंवा कल्हई केलेलं पितळ उत्तम.

आता आरोग्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि ती ५ टक्क्यांखाली आणता आली तर आणखी चांगलं, असं त्यांत म्हटलं आहे. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. या हिशेबात आपण वरून घातलेली साखर येते, गूळ येतो, मध येतो, फळांचा गाळलेला रसही येतो. अख्ख्या फळात, त्याच्या तंतूंसकट असलेली साखर त्यात धरलेली नाही. गूळ घातला म्हणून पदार्थ पौष्टिक झाला, या समजुतीला इथे आधार मिळत नाही. कढईतल्या फोडी मात्र फळाच्या बाजूला राहतात, जोवर आपण त्या वाटून, गाळून त्यांचा रस करत नाही.

शिजवण्यात नुकसान काहीच नाही असं नाही. क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं आणि पाण्यात उतरतं. म्हणून वेळ थोडा ठेवावा, भांड्यातला रस फोडींवरच ओतावा आणि पेरूसारखं फळ बाकीच्या दिवशी कच्चंही खावं. मधुमेह असलेल्यांनी तर हे बिनधास्त खाऊ नये. साखर घातली नाही म्हणजे केळ्यातली साखर आणि पिष्ट नाहीसं होत नाही. त्यांनी किती खावं हे डॉक्टरांना विचारावं, आणि केळ्यापेक्षा सालासकट शिजवलेलं सफरचंद किंवा नाशपाती निवडावी. तुपाचंही माप असावं. लहान चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात, आणि चार माणसांच्या फळाला दोन चमच्यांहून जास्त तूप लागत नाही.

सोबत काय द्यावं, यावर मतं निरनिराळी असतील. माझं मत घट्ट, गोड दह्याला. ऊन फोड आणि गार दही एका घासात आलं की आंबटगोड चव नेमकी जमते. दही आवडत नसेल त्यांनी वरून भाजलेले तीळ किंवा अक्रोडाचे तुकडे घालावेत.

हे सगळं भाजी चिरण्याइतक्या वेळात होतं आणि स्वयंपाक नुकता शिकू लागलेल्या मुलालाही जमतं. सुरुवात राजेळी केळ्यांपासून करा. बाजारात ती बहुतेकदा हिरवट-पिवळी मिळतात. घरी आणून बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नको. साधारण १३ अंशांखाली केळ्याचं पिकणं बिघडतं, साल काळी होते आणि आतला गर कच्चाच राहतो. बाहेर ठेवलेल्या केळ्यावर काळे डाग पडायला काही दिवस जातात, तेव्हा पुढच्या रविवारच्या जेवणाला करायची असतील तर ती आजच आणा.