ओळख तरसाची

मागे एकदा पाचवीच्या वर्गात मी विचारले, "तरस म्हणजे काय, कोणाला ठाऊक आहे?" वर्ग गप्प. मग म्हटले, "अरे, झरख!" तेव्हा कुठे हात वर झाले. "सर, तो लायन किंगमधला!" "तो खीः खीः हसतो!" "सिंहाने मारलेलं चोरून खातो!" १९९४ च्या त्या चित्रपटाने तरसाची अब्रू पार घालवली, यात शंका नाही. पण मुलांनी सांगितलेल्या या गोष्टी खऱ्या किती?

प्रथम त्याच्या कुळाविषयी. तरस दिसतो कुत्र्यासारखा, पण शास्त्रज्ञ त्याला मांजर आणि मुंगूस यांच्या जवळचा मानतात. आज जगात तरसाच्या चारच जाती आहेत.

चित्रपटातला तो ठिपकेवाला तरस, आफ्रिकेतला. हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात टांझानियातील सेरेंगेटी आणि गोरोंगोरो येथे रात्री जागून त्यांचा अभ्यास केला. सकाळी पाहावे तर सिंह शिकार खात बसलेले आणि तरस लांब ताटकळत उभे. त्यामुळे सगळे तरसालाच चोर समजत. क्रूक यांना दिसले ते उलटेच. गोरोंगोरोत बहुतेक वेळा रात्री शिकार केलेली असे तरसांनी आणि ती हिसकावलेली असे सिंहांनी! हे तरस ताशी साठ किलोमीटरपर्यंत वेगाने धावतात आणि कळपाने मिळून झेब्र्यासारखे मोठे जनावरही पाडतात. कळपात सत्ता माद्यांची असते. आईचा जो मान, त्याच्या खालोखाल पिल्लाचा. बाहेरून आलेला नर सगळ्यांत शेवटी. (आमच्या वर्गातील मुलींना ही माहिती फारच आवडली.) आणि ते 'हसणे'? ते आनंदाचे नसतेच. दुसरा तरस अंगावर आला, पाठलाग झाला, की घाबरून काढलेला तो आवाज आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष भागात राहणारा तपकिरी तरस नामिबियाच्या किनाऱ्यावर सीलची पिल्लेही खातो. चौथा आर्डवुल्फ मात्र अगदी निराळा. तो वाळवी चाटून पोट भरतो, एका रात्रीत लाखोंच्या संख्येने! हाडे फोडणाऱ्या घराण्यात हा एकटाच मऊ जेवणारा.

आता आपला पट्टेरी तरस. हा आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळतो. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, म्हणून चाल लंगडल्यासारखी वाटते. तो बहुधा एकटा फिरतो, तेही रात्री. भांडण आले की मानेवरचे केस फुलवून मोठा दिसतो. कुत्र्यांनी घेरलेच, तर कधीकधी मेल्याचे सोंग घेऊन निपचित पडतो आणि संधी मिळताच पसार होतो! कधी शेळी किंवा कुत्रे उचलतो हे खोटे नाही. फळेही खातो. पण त्याचे मुख्य काम म्हणजे मेलेल्या जनावरांचा फडशा पाडणे. गिधाडे मांस खातात, पण मोठी हाडे तशीच राहतात. ती फोडून पचवण्याची ताकद याच्या जबड्यात आणि पोटात आहे. डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधामुळे आपली गिधाडे झपाट्याने संपत गेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण गिधाडांची संख्या अजून पूर्ववत झालेली नाही. अशा वेळी गावाबाहेर पडलेली मेलेली गाय-म्हैस कोण संपवणार?

तरीही मुले पळवतो, थडगी उकरतो असे म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. माळराने कमी होत आहेत आणि रात्री रस्ता ओलांडताना कितीतरी तरस वाहनांखाली सापडतात. जगभरात प्रौढ पट्टेरी तरस दहा हजारांहूनही कमी असावेत, असा अंदाज आहे. पालकांपैकी जे रात्री माळरानातल्या रस्त्याने गाडी नेतात, त्यांनी तेथे वेग थोडा कमी ठेवावा, एवढी विनंती.

भावनगर जिल्ह्यातील वेळावदर राष्ट्रीय उद्यानात काळविटांच्या शेजारी तरसही राहतात. कुटुंबासह तिकडे गेलात, तर भर दुपारी तो दिसेल अशी आशा धरू नका. वाटेच्या कडेला खडूसारखी पांढरी विष्ठा पडली आहे का, ते मात्र नक्की पाहा. रात्री चघळलेल्या हाडांतले कॅल्शियम असते ते!