पाठीवरचा पंप अंगाला बसतो का?

बीड जिल्ह्यातली आपली माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्याआधी श्रावण-भाद्रपदात गेवराई, माजलगावकडे कपाशीवर फवारणीची मजुरी असते. पंप मालकाचा, औषध मालकाचे. पाठ मात्र आपली. म्हणून पंप अंगाला नीट कसा बसवायचा, हे आपणच शिकून घेतले पाहिजे.

१६ लिटरच्या पंपात १६ किलो पाणी मावते. पंपाचे वजन धरून ओझे २० किलोच्या घरात जाते. पट्टे लांब सोडले की टाकी खाली लोंबते, माणूस पुढे वाकतो आणि खांदे-कंबर दिवसभर ओढली जाते. शिवाय टाकी हिंदकळून झाकणातून औषध पाठीवर येते आणि कातडीतून अंगात उतरते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. हा धडा आपण विसरता कामा नये.

पट्टे जुळवायचे ते औषध घालण्यापूर्वी, अर्धी टाकी साध्या पाण्याने भरून. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे करा. टाकी पाठीला चिकटून राहावी आणि तिचा तळ कमरेवर टेकावा. कमरेला रुंद पट्टा बांधला तर बराच भार खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरतो. मग वाकून पाहा. झाकणातून किंवा नळीच्या जोडातून थेंब जरी आला, तरी वायसर बदलल्याशिवाय पंप उचलू नका. पट्टा रुतत असेल तर खाली गोधडीचा तुकडा घ्या; पण कापड औषध पिते, म्हणून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळा आणि तो रोज धुवा.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता: फार ताणलेली नको, फार सैलही नको. पट्ट्याचेही तेच आहे.

भरलेला पंप जमिनीवरून एकट्याने उचलू नका. तो बांधावर किंवा उंच दगडावर ठेवा, पाठ लावा आणि सोबत्याचा हात घ्या. अंगाने बारीक असलेल्यांनी टाकी अर्धीच भरावी. खेप वाढेल, पण कंबर राहील. गरोदर बाई आणि लेकरे यांनी या कामाला हातच लावू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजुराची प्रकृती हा कायद्याचा विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. हातमोजे आणि तोंडाला मास्क मागणे म्हणजे भीक नव्हे. चार मजुरांनी मिळून मागितले तर मालकाला नाही म्हणणे जड जाते.

चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधुक दिसले, मळमळले तर पंप तिथेच उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा. औषधाची बाटली सोबत घेऊन बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

घरातून फवारणीला कोणी निघाले की आयाबहिणींनी एवढे विचारावे: पट्टे सारखे केलेत का? झाकण गळते का?