पाणबुड्याची सनद

पाठीवर हवा वाहून नेत पाण्याखाली मुक्त संचार करण्याची मुभा १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने सिद्ध केलेल्या उपकरणाने मिळाली खरी. परंतु ती कोणी, कोठवर आणि कोणत्या शर्तींवर उपभोगावी, याची कलमे ठरावयास पुढे बराच काळ लोटला. आज आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या २४८०१ क्रमांकाच्या मानकात नवशिक्याच्या दोन पायऱ्या नमूद आहेत : पहिलीवरच्याने जाणत्याच्या देखरेखीखाली १२ मीटरपर्यंत उतरावे, दुसरीवरच्याने तितक्याच शिकलेल्या जोडीदारासह २० मीटरपर्यंत. ‘पॅडी’ ही प्रशिक्षण संस्था मात्र १८ मीटरांवरच थांबते आणि दाखल्यापूर्वी २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे व मोकळ्या पाण्यात चार बुड्या एवढी कसोटी पाहते.

भय खोलीत असते, असा सर्वसाधारण समज. पण दर १० मीटरांस दाब एका वातावरणाने वाढत असल्यामुळे, बॉइलने १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, २० मीटरांवरून १० वर येताना हवा दीडपट फुगते, तर १० वरून पृष्ठभागी येताना दुप्पट. १० मीटरांवर छातीत कोंडलेली पाच लिटर हवा पृष्ठभागी येता येता दहा लिटरांची जागा मागते. ती न मिळाल्याने फुप्फुसाचे नाजूक पापुद्रे फाटतात आणि बुडबुडे रक्तावाटे मेंदू गाठू शकतात. म्हणूनच या शिक्षणाचे आद्य कलम एकच : श्वास कधीही रोखू नये.

ते अंगवळणी पाडण्याची रीत पाहण्याजोगी असते. तलावाच्या उथळ तळाशी गुडघे टेकलेला विद्यार्थी तोंडातली रबरी मुखनळी काढून बाजूस धरतो, आणि ती पुन्हा दातांत येईपर्यंत त्याच्या ओठांतून बारीक बुडबुड्यांची माळ अखंड निघत राहावी लागते. माळ तुटली, की प्रशिक्षक खूण करून पुन्हा आरंभ करावयास लावतो.

मालवणास प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे प्रवाळ पाहून येणे हा आनंदाचा मामला आहे, सनदेचा नव्हे. ज्यास ती हवी, त्याच्यासाठी तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. मात्र सनद असो वा नसो, पाणी तेच आणि बॉइलचा नियमही तोच. तेव्हा होडीवरल्या माणसाने श्वास न रोखण्याची ताकीद आपण होऊन दिली नाही, तर वाचकाने खुशाल होडीतून उतरून किनाऱ्यावर यावे.