ढेकणांचे औषध मारायला माणूस बोलावताना

चाळीतली खोली असो नाहीतर म्हाडाची नवी इमारत, ढेकूण कुणालाच सोडत नाहीत. पण ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ, असा समज आहे. त्यामुळे माणसे शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. गुपचूप कुणाला तरी बोलावून औषध मारून घेतात. वास्तविक ढेकूण घाणीवर नव्हे, रक्तावर जगतो. जुन्या पलंगातून, प्रवासाच्या बॅगेतून तो कुठल्याही घरात येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. धोका आहे तो लपवण्यात.

काही लोक स्वस्तात काम करतो म्हणून येतात, खोलीत गोळ्या ठेवतात आणि दार बंद करून दोन दिवस बाहेर जा म्हणतात. या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. त्या धान्याच्या गोदामासाठी आहेत, माणसे राहतात त्या घरासाठी नाहीत. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू. भिंतीच्या भेगांतून, पाइपांच्या डक्टमधून तो शेजारच्या खोलीत शिरतो. घरचे लोक गावी गेलेले असतात आणि भिंतीपलीकडे झोपलेले लहान मूल पहाटे उलट्या करू लागते. अन्नातून विषबाधा झाली असेल असे समजून घरचे लिंबू-सरबत देत बसतात. या विषावर नेमका उतारा नाही. वेळ गेली की जीव जातो. शेजारी औषध मारलेले असताना घरात कुणाला उलट्या, छातीत दडपण, धाप असे झाले, तर सर्वांनी बाहेर पडावे, १०८ ला फोन करावा आणि शेजारी औषध मारल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. लसूण किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर समजावेच. पण वास नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

मी पडलो कारकून. कागद मागायची सवय. इथेही तीच उपयोगी पडते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. त्यांनुसार हा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो पाहायला मागावा. चिडला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. पावतीवर परवाना क्रमांक आणि औषधाचे नाव लिहून घ्यावे. डबा सीलबंद आणावा, आपल्यासमोर फोडावा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचे औषध घरात येऊ देऊ नये. सोसायटीच्या कमिटीने तर सर्वांत कमी रकमेचे कोटेशन डोळे मिटून मंजूर करूच नये.

एकाच फवारणीत ढेकूण जाण्याची हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. फवारणीने अंडी बहुधा मरत नाहीत. आठ-पंधरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवी आणि तिचे पैसे आधीच्याच ठरावात धरावेत. कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुणे हे काम मात्र आपलेच. झुरळांसाठी जेलचे ठिपके लावणारे असतात. त्यासाठी घर रिकामे करावे लागत नाही.

साप निघाला तर पेस्ट कंट्रोलवाला नव्हे, वनखाते. हेल्पलाइन १९२६. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली साप मारणे गुन्हा आहे. माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवावी, पोरांची गर्दी हटवावी. सापासोबत फोटो काढून घेणाऱ्या सर्पमित्राला उत्तेजन देऊ नये.

आता फवारणाऱ्या पोराबद्दल. मालक ऑफिसात असतो. पंप पाठीला लावून येतो तो अठरा-वीस वर्षांचा, बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वस्तीतला. तोंडाला नुसता रुमाल, हातात मोजे नाहीत. मास्क आणि मोजे घातल्याशिवाय काम सुरू करू देणार नाही, असे त्याच्या मालकाला फोनवर स्पष्ट सांगावे. काम झाल्यावर त्याला साबण आणि पाणी द्यावे, चहा नंतर. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवून घ्यायची पद्धत काही घरांत आहे. तसे करू नका, ते त्यालाच परत न्यायला लावा.